रकाना कोण आखतो?

कुठलीही नोंदवही आपल्या हातात येते, तेव्हा तिच्यात रेघा आधीच ओढलेल्या असतात. नाव, वय, पत्ता, लिंग, धर्म, जात. भरणारा फक्त भरतो. कुठला रकाना असावा आणि कुठला नसावा हे आधीच, दुसऱ्याच कोणीतरी, बहुतेक वेळा दूरच्या एखाद्या कचेरीत बसून ठरवलेलं असतं. सरकारदरबारी मुसलमानांची मोजदाद कशी होते यावर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलं आहे, मीही लिहिलं आहे. या लेखात मात्र मला एका वेगळ्या वहीचा इतिहास सांगायचा आहे. ही वही संगणकातली आहे, ती कुठल्या कंपनीच्या मालकीची नाही, आणि तिच्या रेघा कोणालाही बदलता येतात. तिचं नाव डीएचआयएस-२, म्हणजे जिल्हा आरोग्य माहिती प्रणाली, दुसरी आवृत्ती. किती बाळंतपणं दवाखान्यात झाली, किती मुलांना गोवराची लस मिळाली, क्षयाचे किती रुग्ण औषध अर्धवट सोडून गेले, हे हिशेब आज ७०हून अधिक देशांत या ओपन सोर्स प्रणालीवर ठेवले जातात.

तंत्रज्ञानाचा इतिहास म्हटलं की अमेरिकेतलं एखादं गॅरेज आणि त्यात बसलेली दोन हुशार मुलं डोळ्यांसमोर येतात. या प्रणालीची पाळंमुळं मात्र एका कामगार संघटनेत आणि वर्णद्वेषाविरुद्धच्या लढ्यात आहेत. म्हणूनच ती गोष्ट आपण वाचावी असं मला वाटतं.

सुरुवात दक्षिण आफ्रिकेपासून करू. तिथे १९५० साली लोकसंख्या नोंदणी कायदा झाला. प्रत्येक माणसाला जन्मतःच एका वंशगटात टाकायचं, असा तो कायदा. गोरे, मिश्रवर्णीय आणि मूळ आफ्रिकी असे मुख्य गट पाडले गेले. पुढे १९५९ मध्ये मिश्रवर्णीयांचेही पोटभेद झाले आणि त्यात 'केप मलय', 'भारतीय', 'चिनी' असे रकाने आले. केपटाऊनचे मुसलमान या 'मलय' रकान्यात गेले. हे लोक म्हणजे डच वसाहतीच्या काळात जावा, बंगाल, मलबार अशा ठिकाणांहून गुलाम किंवा कैदी म्हणून आणलेल्यांचे वंशज. त्यांना बांधणारं सूत्र मुख्यतः धर्माचं होतं, पण सरकारी वहीत तो वंश झाला.

आपल्या कोकणाचाही या गोष्टीशी संबंध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले कोकणी मुसलमान बोटीने केपटाऊनला जात होते. तिथे ते मोलमजुरी करत, फळं-भाजी विकत, छोटी दुकानं थाटत. अनेकांनी तिथल्या मलय मुसलमान घरांत सोयरीक केली. मशीद एक, जेवणाचं ताट एक, कब्रस्तान एक. वहीत मात्र नवरा 'भारतीय' आणि बायको 'मलय' असू शकत होती. रकाना बदलला की राहण्याची वस्ती बदले, मुलांची शाळा बदले आणि दवाखानाही बदले.

केपटाऊनचा डिस्ट्रिक्ट सिक्स हा असाच सरमिसळ वस्तीचा मोहल्ला होता. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी तो 'फक्त गोऱ्यांसाठी' म्हणून जाहीर झाला. पुढच्या काही वर्षांत ६० हजारांहून अधिक माणसांना तिथून उठवून शहराबाहेरच्या रेताड, वाऱ्याच्या सपाटीवर नेऊन टाकलं. सत्तरच्या दशकात त्या सपाटीवर मिश्रवर्णीयांसाठी एक नवी वसाहत बांधली गेली, तिचं नाव मिचेल्स प्लेन. हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे येणार आहे.

१९८३ साली वर्णद्वेषी सरकारने संविधान बदललं. गोऱ्यांचं एक सभागृह, मिश्रवर्णीयांचं दुसरं आणि भारतीयांचं तिसरं. बहुसंख्य आफ्रिकी जनतेला त्यात जागाच नाही. प्रत्येक सभागृहाचं आरोग्य खातं वेगळं. शिवाय आफ्रिकी लोकांसाठी पाडलेल्या दहा तथाकथित 'मायभूमीं'ची दहा खाती, आणि वर एक सर्वसाधारण खातं. एका देशात १४ आरोग्य खाती! ही फक्त राजकीय विटंबना नव्हती, तो रोजच्या कारभाराचाही प्रश्न होता. प्रत्येक खात्याचे फॉर्म वेगळे, वयोगट वेगळे, व्याख्या वेगळ्या. एका खात्याचा आकडा दुसऱ्याच्या आकड्यात मिळवायचा म्हटलं तर मिळवता येत नसे. या देशात दरवर्षी किती बाळं दगावतात, या साध्या प्रश्नाला संपूर्ण देशासाठीचं भरवशाचं उत्तर नव्हतं. मायभूमींमधल्या बाळांची धड नोंद व्हावी अशी वरच्या लोकांची गरजही नव्हती. वहीत ज्यांना जागा नसते, त्यांच्या मरणाचा जाब कोणी विचारत नाही.

या संविधानाविरुद्ध देशभरातल्या शेकडो संघटना एकत्र आल्या आणि २० ऑगस्ट १९८३ रोजी त्यांनी संयुक्त लोकशाही आघाडी स्थापन केली. ती सभा भरली होती मिचेल्स प्लेनमध्ये.

आता थोडं उत्तरेकडे, नॉर्वेत जाऊ. क्रिस्टन न्यूगोर हे तिथले गणितज्ञ. साठच्या दशकात त्यांनी ओले-योहान डाल यांच्याबरोबर सिम्युला नावाची संगणकीय भाषा तयार केली. आज जावा, सी प्लस प्लस अशा भाषांत जी 'ऑब्जेक्ट'ची कल्पना वापरली जाते, तिचा उगम सिम्युलात आहे. त्यासाठी दोघांना २००१ सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. न्यूगोर यांची दुसरी कामगिरी मात्र कमी लोकांना ठाऊक आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी नॉर्वेच्या लोखंड आणि धातू कामगार संघटनेबरोबर काम केलं. कारखान्यात संगणक येत होते आणि मालक त्यांच्या जोरावर कामगारांवर ताबा वाढवतील अशी भीती होती. न्यूगोर यांचं म्हणणं असं, की संगणक येणारच आहे, तेव्हा कामगारांनी तो समजून घ्यावा आणि तो कसा असावा यात त्यांचा शब्द चालावा. त्यातून १९७५ मध्ये नॉर्वेत कामगार महासंघ आणि मालकांचा संघ यांच्यात करार झाला. नवी संगणक प्रणाली आणण्यापूर्वी कामगारांना तिची माहिती देणं त्यामुळे बंधनकारक झालं.

ज्याच्या कामावर प्रणालीचा परिणाम होणार, त्याचा ती घडवण्यात वाटा असावा, हा विचार तिथून पुढे सहभागी रचना म्हणून ओळखला गेला. ओस्लो विद्यापीठात या परंपरेत तयार झालेले योर्न ब्रो नव्वदच्या दशकात दक्षिण आफ्रिकेत आले.

१९९४ मध्ये नेल्सन मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले. १४ खाती मोडून एक राष्ट्रीय आरोग्य व्यवस्था उभारायची होती, आणि तिचा पाया असणार होता जिल्हा. माणसाचा वर्ण कुठला हे विचारायचं नाही, तो कुठे राहतो हे विचारायचं आणि त्या ठिकाणच्या सगळ्यांची जबाबदारी एकाच यंत्रणेने घ्यायची. कल्पना सुंदर होती, पण जिल्ह्याचा हिशेब ठेवणारी वहीच नव्हती. त्यासाठी वेस्टर्न केप विद्यापीठ, केपटाऊन विद्यापीठ आणि ओस्लो विद्यापीठ यांच्या साथीने आरोग्य माहिती प्रणाली कार्यक्रम सुरू झाला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला हिस्प म्हणतात.

वेस्टर्न केप विद्यापीठाबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. मिश्रवर्णीय विद्यार्थ्यांनी गोऱ्यांच्या विद्यापीठात जाऊ नये म्हणून वर्णद्वेषी सरकारने ते काढलं होतं. ज्या विद्यापीठाचा जन्मच माणसं वेगळी काढण्यासाठी झाला, तिथल्या लोकांनी वेगळे पाडलेले आकडे एकत्र आणणारी वही बनवायला घेतली. आणि प्रयोगासाठी निवडलेल्या पहिल्या भागांत होतं मिचेल्स प्लेन.

ब्रो आणि त्यांचे सहकारी दवाखान्यांत गेले, तेव्हा त्यांना दिसलं ते आपल्याकडच्या कुठल्याही नर्सताईला नवं वाटणार नाही. परिचारिका ढीगभर फॉर्म भरत होत्या. महिनाअखेर ते फॉर्म वर जात आणि तिथून परत काहीच येत नसे. आपण भरलेल्या आकड्यांवरून आपल्याच दवाखान्यात काय कमी पडतं आहे, हे त्यांना कधी कळत नसे. त्यामुळे आकडे काळजीपूर्वक भरण्यात त्यांना काय रस असणार?

मग दोन गोष्टी ठरल्या. पहिली, माहिती कमी गोळा करायची. सगळ्यांनी मिळून मोजक्या आकड्यांची एक यादी करायची, जी देशात प्रत्येक दवाखाना भरेल. ही यादी करताना क्षयरोगवाले, कुटुंब नियोजनवाले, लसीकरणवाले असे सगळे जण आपापले रकाने घुसवायला धडपडत, त्यामुळे भांडणं खूप झाली. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. देशाने सांगितलेले आकडे प्रत्येकाने द्यायचेच, पण प्रांताला, जिल्ह्याला, अगदी एका दवाखान्यालाही स्वतःच्या गरजेचे जास्तीचे रकाने आखण्याची मुभा राहील. एखाद्या वस्तीत अतिसाराची साथ वारंवार येत असेल तर तिथला दवाखाना त्याचा रकाना स्वतः उघडेल. त्यासाठी राजधानीची परवानगी लागणार नाही. एकसारखेपणा आणि स्वातंत्र्य यांतला हा तोल त्या प्रणालीचा कणा ठरला.

आणि म्हणूनच तिला ओपन सोर्स असणं भाग होतं. आपल्याकडे ओपन सोर्स म्हणजे फुकट असा समज आहे. पैशाचा भाग त्यात आहेच, पण मुद्दा तो नाही. विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड कंपनीकडे कुलूपबंद असतो. रकाना बदलायचा तर कंपनीला अर्ज करा, पैसे मोजा, वाट पाहा. ओपन सोर्समध्ये तो कोड सगळ्यांसमोर असतो. कोणीही तो वाचावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा. दवाखान्याला स्वतःचा रकाना आखू द्यायचा असेल तर आखणीचं साधनही त्याच्या हातात हवं. योर्न ब्रो आणि काले हेडबर्ग यांच्या चमूने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस डीएचआयएसची पहिली आवृत्ती तयार केली. ती आधी केपच्या प्रांतांत आणि मग देशभर पसरली.

पण या पहिल्या वहीत एक उणीव होती. ती मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसवर बांधलेली होती. घर आपलं, जमीन दुसऱ्याची, असा तो प्रकार. ही अडचण सुटायला कारण झालं आपल्या देशातलं केरळ. संदीप साहाय आणि इतरांच्या पुढाकाराने हिस्पचं काम भारतात २००० साली आंध्र प्रदेशातल्या कुप्पम भागात सुरू झालं होतं. ओस्लोत नवी आवृत्ती घडत होती. ती जावा भाषेत लिहिली जात होती आणि कुठल्याही एका कंपनीच्या यंत्रावर अवलंबून नव्हती. केरळ सरकारचं धोरण मुक्त सॉफ्टवेअरच्या बाजूचं असल्याने तिथे ॲक्सेसवरची वही चालणार नव्हती. २००६ मध्ये डीएचआयएस-२ पहिल्यांदा प्रत्यक्ष कामाला लागली ती केरळमध्ये. न्यूगोर यांच्या सिम्युलातून आलेली 'ऑब्जेक्ट'ची कल्पना आणि त्यांच्याच कामगार चळवळीतून आलेली सहभागाची कल्पना, या दोन्ही एका मल्याळी आरोग्य केंद्रात एकत्र आल्या, असं म्हटलं तर वावगं होणार नाही.

पुढचा प्रवास वेगाने झाला. २०११ मध्ये केनियाने देशभरासाठी एकच ऑनलाइन वही सुरू केली. जिल्ह्याजिल्ह्यांत वेगळे संगणक आणि त्यांवरच्या वेगळ्या प्रती ठेवण्याऐवजी मोबाईलच्या इंटरनेटवरून सगळे थेट एकाच ठिकाणी नोंद करू लागले. बांगलादेशाने ही प्रणाली देशभर नेली. याच काळात ओपन सोर्सची दुसरी एक वही वाढत होती. २००४ मध्ये केनियातल्या एल्डोरेट इथे एचआयव्हीच्या रुग्णांच्या नोंदी सांभाळताना अमेरिकी डॉक्टर बर्क मॅमलिन आणि पॉल बायोंडिक यांना ओपनएमआरएसची कल्पना सुचली. डीएचआयएस बेरजेचा हिशेब ठेवते, तर ओपनएमआरएस एकेका रुग्णाचा केसपेपर सांभाळते. तिच्याच पायावर छत्तीसगडमधल्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोग या रुग्णालयासाठी थॉटवर्क्स कंपनीतल्या लोकांनी बाह्मनी ही प्रणाली उभी केली. गरीब, आदिवासी रुग्णांसाठी बांधलेली ती प्रणाली मग इतर देशांतही गेली.

इथपर्यंतची गोष्ट उमेद वाढवणारी आहे. पण इतिहास लिहिणाऱ्याने सोयीच्या ठिकाणी थांबू नये. म्हणून २०२० कडे येतो.

२०२० च्या जानेवारीअखेर श्रीलंकेत कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला. तिथल्या आरोग्य मंत्रालयातल्या डॉक्टरांनी आणि तंत्रज्ञांनी काही दिवसांत डीएचआयएस-२ मध्ये नवे रकाने आखले आणि विमानतळावर उतरणाऱ्या प्रवाशांची नोंद आणि पाठपुरावा सुरू केला. कंपनीची परवानगी नाही, निविदा नाही. ओस्लोच्या चमूने ती आखणी उचलली, तिचा नमुना केला आणि जगापुढे ठेवला. अनेक देशांनी तो घेतला. खुद्द नॉर्वेतल्या नगरपालिकांनी रुग्णांच्या संपर्कातल्या लोकांचा माग काढण्यासाठी याच प्रणालीचा आधार घेतला. दक्षिणेकडचं ज्ञान उत्तरेकडे जाण्याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं आठवत नाही.

त्याच श्रीलंकेने त्याच वर्षी कोरोनाने मेलेल्या मुसलमानांना दफन करायला बंदी घातली. दफन करता येईल असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन असूनही घरच्यांच्या इच्छेविरुद्ध मय्यती जाळल्या गेल्या. ही बंदी २०२१ च्या फेब्रुवारीअखेर उठली. २०२४ मध्ये सरकारने त्याबद्दल माफी मागितली. देश एकच, साथ एकच. एका हाताने त्याने जगाला खुली वही दिली आणि दुसऱ्या हाताने आपल्याच नागरिकांचा कबरीचा हक्क काढून घेतला. सोर्स कोड खुला होता, पण निर्णयाची खोली बंद होती.

आपल्याकडे काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. २०२० च्या एप्रिलमध्ये दिल्ली सरकारच्या रोजच्या कोरोना पत्रकात 'मस्जिद मरकज' असा वेगळा रकाना छापला जात होता. दिल्ली अल्पसंख्याक आयोगाने त्याला हरकत घेतली, कारण त्या एका रकान्याचा परिणाम गल्लोगल्ली भाजी विकणाऱ्या मुसलमानांना भोगावा लागत होता. रकान्याचं नाव पुढे बदललं. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलीगशी संबंधित २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेल्याचं स्पष्टपणे नोंदवलं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मी गंभीरपणे घेतो. साथ कुठल्या मेळाव्यातून पसरली हे शोधायला नको का? हवंच. साथीच्या कामात तो शोध पहिला. पण ती माहिती कोणासाठी, हा प्रश्न आहे. घरोघर जाऊन संपर्क शोधणाऱ्या आरोग्य सेवकाला तो रकाना हवा, म्हणजे तो वेळेत पोहोचेल आणि जीव वाचतील. रोज संध्याकाळी टीव्हीवर दाखवायला तो कशाला हवा? मिचेल्स प्लेनच्या परिचारिकांबरोबर बसून काढलेला धडा नेमका हाच होता. माहिती जिथे गोळा होते तिथे ती उपयोगी पडली पाहिजे. जिथे तिचा उपयोग नाही, तिथे पाठवायची तर आधी कारण सांगा.

हा प्रश्न आता आणखी नाजूक झाला आहे. डीएचआयएसची पहिली वही फक्त बेरजा ठेवत असे. या महिन्यात ४० बाळंतपणं, इतकंच. ती ४० नावं तिला ठाऊक नसत. आता तीच प्रणाली एकेका माणसाचा माग ठेवू शकते. कोड खुला असणं म्हणजे रुग्णाची माहिती खुली असणं नव्हे. या दोन गोष्टींची गल्लत आपले पुढारीही करतात आणि काही तंत्रज्ञही. यंत्र कसं चालतं हे सगळ्यांना दिसलं पाहिजे आणि रुग्णाचा केसपेपर फक्त त्याच्या डॉक्टरला दिसला पाहिजे. आपल्या घरात अमानत हा शब्द लहानपणापासून कानावर पडतो. दुसऱ्याची ठेव आपल्याकडे आहे, ती सांभाळायची आहे, वापरून टाकायची नाही. रुग्णाची माहिती ही अशी अमानत आहे.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्रातल्या आशाताई संपावर गेल्या. मानधनाचा प्रश्न मोठा होताच, पण त्यांच्यावर लादलेलं ऑनलाइन कामही त्यांच्या तक्रारींत होतं. तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं, या बायांना तंत्रज्ञान नको आहे. मला न्यूगोर यांचे धातू कामगार आठवले. त्यांनाही संगणक नको नव्हता, त्यांना त्यात आपला शब्द हवा होता. वाडीवस्तीवर फिरून आकडा आणते ती आशाताई. तो मोबाईलमध्ये भरते ती. तो आकडा कशासाठी हवा आहे, किती रकाने भरायचे आणि कुठले गाळायचे, हे ठरवताना तिला कोणी बोलावलं होतं का?

मराठी मुसलमान समाजातून आज मोठ्या संख्येने मुलं-मुली संगणक, नर्सिंग, औषधनिर्माण शिकत आहेत. त्यांच्यासमोर नोकरीची स्वप्नं आहेत आणि ती असलीच पाहिजेत. त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं की या प्रणालींचा कोड कोणालाही उघडून वाचता येतो. त्यात सुधारणा सुचवता येते, ती मराठीत आणता येते, आपल्या भागातल्या दवाखान्याला काय हवं ते तिच्यात घालता येतं. आपल्याला वहीत चुकीच्या रकान्यात टाकलं गेलं, ही तक्रार आपण गेली कित्येक वर्षं करत आलो आहोत आणि ती खरी आहे. मिचेल्स प्लेनच्या लोकांचीही तीच तक्रार होती. ते तक्रार करून थांबले नाहीत. हातात पट्टी आणि पेन्सिल घेऊन ते रेघा आखायला बसले, आणि बसताना त्यांनी परिचारिकेलाही शेजारी खुर्ची दिली.